पत्राला जामीन

मुलुंड पूर्वेच्या एका फ्लॅटमध्ये, देवघराखालच्या कप्प्यात, एक जुना डेस्कटॉप वर्षानुवर्षं अखंड चालू असतो. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. मालक मध्य रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले; लिनक्स त्यांनी निवृत्तीनंतर हौसेने शिकून घेतलं. त्या डब्यात घरातले सगळे फोटो, वडिलांच्या भजनांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली ध्वनिमुद्रणं आणि कागदपत्रांच्या प्रती. एकाच साधनावर विसंबून राहणं रेल्वेच्या माणसाला जमत नाही. म्हणून दोन डिस्क बसवलेल्या. एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. एक गेली तरी दुसरी असते.

एका पावसाळ्यात पहिली गेली. कुणाला पत्ता लागला नाही, कारण सगळं नीट चालूच राहिलं. चालू राहावं यासाठीच तर ती सोय होती. दिवाळीच्या तोंडावर दुसरीही गेली, तेव्हा मात्र फोटो उघडेनात. लिनक्स स्वतः ज्या तिसऱ्या छोट्या डिस्कवर होतं ती शाबूत होती. ती तपासताना एक टपालपेटी सापडली. मशीनने पावसाळ्यापासून रोज, न चुकता, एक पत्र लिहिलं होतं: जोडीतली एक डिस्क निकामी झाली आहे, लक्ष द्यावं. पत्र ‘रूट’च्या नावे. रूट म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, म्हणजे हेच गृहस्थ. पण त्या नावाने ते कधी आत जात नसत, आणि पत्रं घराबाहेर पडत नव्हती.

त्यांची भाची अंधेरीला सीप्झच्या परिसरात एका कंपनीची नेटवर्क सांभाळते. तिने पेटी उघडून बघितली आणि म्हणाली, “मामा, मशीन रोज ओरडत होतं रे. तुझ्यापर्यंत आवाज येत नव्हता, एवढंच.”

“मग माझ्या फोनवर मेल का नाही टाकली त्याने?” मामांचा प्रश्न रास्त होता. (कॅसेट सुदैवाने माळ्यावरच होत्या. त्या पुन्हा उतरवण्याचं काम अजून चालू आहे.)

घरातला संगणक मेल लिहू शकतो. ती पाठवण्याचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, इंटरनेट दिवसभर जोडलेलं असतं. तरीही मुलुंडच्या डब्याने लिहिलेली मेल जगातला कुठलाही मोठा सर्व्हर दारातूनच परत पाठवतो. पूर्वी असं नव्हतं, आणि ते पूर्वीचं जग मुंबईच्या उपनगरांतच होतं.

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी मेल एका संगणकाकडून दुसऱ्याकडे कशी जावी याचे नियम लिहून काढले. त्यांना एसएमटीपी म्हणतात आणि आजही सगळी मेल त्यांच्यावरच चालते. या मूळ नियमांत पाठवणाऱ्याने नमस्कार करायचा, कुणाकडून आणि कुणाला ते सांगायचं आणि मजकूर द्यायचा. ‘तू खरंच तोच कशावरून?’ हा प्रश्न नाही. पत्र आपल्यासाठी नसेल तर पुढच्याकडे सरकवणं हा शेजारधर्म. ज्यांनी हे लिहिलं त्यांना नेटवर्कवरचे बहुतेक जण ओळखीचे होते. पासवर्ड कशाला मागायचा?

आपल्याकडे त्या शेजारधर्माचं ठिकाण जुहूला होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) संगणक केंद्रातून वाढलेली नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही संस्था १९८५ साली स्वतंत्र झाली. पत्ता गुलमोहर क्रॉस रोड नंबर ९. नटनट्यांचे बंगले बघायला जुहूला जाणारी गर्दी या रस्त्याकडे वळत नाही. संचालक होते श्रीनिवासन रमणी, ज्यांना २०१४ साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या पैशातून १९८६ साली अर्नेट हा प्रकल्प उभा राहिला. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, एनसीएसटी आणि खुद्द दिल्लीचा विभाग, एवढेच त्याचे भागीदार. १९८६-८७ मध्ये पहिली मेल गेली ती जुहू आणि पवई यांच्यात, साध्या टेलिफोनच्या तारेवरून.

तेव्हा तार कायमची जोडलेली नसे. मशीन दिवसभर पत्रं साठवायचं, ठरल्या वेळी मोडेमने फोन लावायचं, गठ्ठा द्यायचं, आलेला घ्यायचं आणि फोन ठेवायचं. लहान मशीनला जगाचा रस्ता माहीत असण्याची गरज नव्हती. त्याने सगळं आपल्याहून मोठ्या मशीनच्या हवाली करायचं. देशाबाहेर जाणारी मेल जुहूला गोळा व्हायची आणि तिथून अमेरिकेत व्हर्जिनियातल्या यूयूनेटकडे जायची. १९९२ पर्यंत या आठही ठिकाणांना सेकंदाला ९.६ किलोबिटच्या तारा मिळाल्या होत्या. आज फोनवर येणारा एखादा ‘सुप्रभात’ त्या तारेने मिळायला बराच वेळ गेला असता. १९८९ मध्ये भारताचं ‘डॉट इन’ हे आडनावही सांभाळायला जुहूलाच दिलं गेलं. पुढे २००३ साली एनसीएसटी सी-डॅक या सरकारी संस्थेत विलीन झाली आणि २००५ पासून ते आडनाव निक्सी या संस्थेकडे गेलं.

मला या कहाणीत तारेच्या वेगापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. पवईचं पत्र जुहू विनातक्रार पुढे न्यायचं, कारण पवईला कोण बसतं हे जुहूला ठाऊक होतं. गडबड झाली तर फोन उचलून त्या माणसाला विचारता येई. जुहूचं मशीन पवईच्या पत्राला जामीन राहत होतं, आणि अमेरिकेतलं मशीन जुहूच्या. मेलचा प्रवास तारेवरून होत असला तरी चालत होता तो या जामिनकीवर.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. मग बोरिवली-घाटकोपरच्या घरांतही मोडेमचा तो चिरका सूर ऐकू येऊ लागला. बऱ्याच जणांकडे ‘शेल’ खातं असे: काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि मेल वाचायला पाईन हा प्रोग्रॅम. पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सची सीडी येऊ लागली, लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून पोरांनी मशीनं जोडली. टेलिफोनचा मीटर पळत असल्यामुळे ही मंडळीही जुहूचीच रीत पाळत. दिवसभर मेल लिहून रांगेत ठेवायची. रात्री जोडणी झाली की मशीनने ती रांग निगमच्या सर्व्हरच्या गळ्यात टाकायची. सर्व्हर घ्यायचा, कारण त्याचाच नंबर फिरवून, त्याचाच पासवर्ड देऊन तुम्ही आत आलेले असायचात. तुम्ही कोणत्या तारेने आलात, हीच ओळख.

ही ओळख टिकली नाही. एकतर माणसं हलू लागली. घरचं खातं सायबर कॅफेतून, ऑफिसातून वापरू लागली. आणि दुसरं, जाहिरातवाले आले. पहिली नकोशी जाहिरात तशी जुनीच, ३ मे १९७८ ची. डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी इंटरनेटच्या पूर्वज अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना एकाच वेळी आपल्या नव्या यंत्राचं आमंत्रण धाडलं आणि शिव्या खाल्ल्या. पण नव्वदीच्या दशकात तो धंदाच झाला. जगभरात हजारो सर्व्हर कुणाचंही पत्र पुढे ढकलायला उघडे बसलेले. त्यातला एखादा गाठायचा, त्याला एक पत्र आणि लाखभर पत्ते द्यायचे आणि निघून जायचं. बदनामी त्या सर्व्हरची. एरिक ऑलमन यांचा सेंडमेल हा मेल सर्व्हर तेव्हा सर्वांत जास्त वापरात होता, आणि परक्याचं पत्र पुढे नेणं हा त्याचा स्थायीभाव होता. १९९८ च्या ८.९ या आवृत्तीत तो पहिल्यांदा मुळातच बंद झाला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ठरलं की आपल्या माणसांची बाहेर जाणारी मेल स्वीकारायला वेगळं दार असावं. पोर्ट २५ हे सर्व्हरांच्या आपसातल्या देवघेवीचं, आणि ५८७ हे आपल्या लोकांसाठी. मार्च १९९९ मध्ये एसएमटीपीला पासवर्ड विचारण्याची सोय मिळाली. जामिनकी आता तारेवर राहिली नाही. मजकूर सुपूर्द करण्याआधी नाव आणि पासवर्ड सांगायचा, मग तुम्ही जगात कुठेही असा.

आता मुलुंडच्या डब्याकडे बघा. त्याला केबलवाल्याच्या फायबरवर मिळालेला पत्ता आज एक असतो, उद्या दुसरा. बहुतेकदा तो पूर्णपणे त्याचाही नसतो. कंपनी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे कितीतरी घरं बसवते. उलट बाजूने चौकशी केली तर त्या पत्त्याला धड नाव नसतं. स्पॅमहाउस ही संस्था २००७ पासून अशा घरगुती पत्त्यांची यादी ठेवते. तुम्ही काही गुन्हा केला म्हणून तुमचं नाव तिथे असतं असं नाही. इथून थेट मेल येणं अपेक्षित नाही, एवढंच ती यादी सांगते. अनेक इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीवर बाहेर जाणारं पोर्ट २५ बंदच ठेवतात. ते उघडं असलं आणि पत्र जीमेलच्या दारापर्यंत पोचलं, तरी उत्तर मिळतं की तुम्हाला इथे थेट मेल टाकायचा अधिकार नाही, तुमच्या सेवा पुरवठादाराच्या रिलेतून, म्हणजे पत्रं पुढे नेणाऱ्या सर्व्हरमार्फत, या. उत्तर कोरडं आहे, पण त्यात वावगं काही नाही. त्या पत्त्यामागच्या घरांपैकी एखाद्यात व्हायरस लागलेलं मशीन रात्रभर लॉटरीची पत्रं पाठवत असतं.

म्हणून भाचीने एका रविवारी मुलुंड गाठलं. मामींनी थालीपिठं लावली आणि भाचीने पोस्टफिक्स. वीत्से व्हेनेमा यांनी १९९८ मध्ये लोकांसमोर आणलेला हा मेल सर्व्हर एका घरासाठी जरा मोठाच. एमएसएमटीपी नावाचा लहानखुरा प्रोग्रॅमही असतो, तो फक्त पत्र उचलून रिलेकडे देतो. पण त्याच्याकडे रांग नसते. मुलुंडला वीज महावितरणची, फायबर खांबांवरून लोंबणारा, आणि रस्त्याची खोदाई बारमाही. नेट बंद असेल त्या घटकेला लिहिलेलं पत्र तिथेच संपतं. पोस्टफिक्स ते जपून ठेवतो आणि पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. ज्या मशीनचं पत्र संकटातच लिहिलं जाणार, त्याला रांग हवीच, असं तिचं म्हणणं होतं. मला ते पटलं.

बसवताना पोस्टफिक्स विचारतो की मेल कशी पाठवायची. तिथे ‘स्मार्टहोस्ट’चा पर्याय निवडायचा. माझं पत्र कुठे जायचं ते मी बघणार नाही, दुसऱ्या शहाण्याच्या हवाली करणार, एवढाच त्याचा अर्थ. मग ‘मेन डॉट सीएफ’ या फाईलमध्ये पाच ओळी. पहिली ‘रिलेहोस्ट’: जीमेलच्या एसएमटीपी सर्व्हरचं नाव चौकोनी कंसात आणि पुढे ५८७. कंस विसरायचा नाही. तो असला की पोस्टफिक्स आडवळणाची चौकशी न करता नेमक्या त्याच यंत्राकडे जातो. दुसरी ओळ पासवर्ड देण्याची सोय चालू करते, तिसरी पासवर्ड कुठल्या फाईलमध्ये आहे ते सांगते, चौथी निनावी ओळख बाद करते. पाचवीने सांगायचं की कूटबद्ध जोडणी झाली तरच बोल, नाहीतर गप्प बस. पाचवी नसली तरी मेल बहुधा जाईल. पण पासवर्ड उघड्यावर जाण्याची शक्यता आपण कशाला ठेवायची?

पासवर्ड हा मामांच्या जीमेलचा नेहमीचा चालत नाही. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांत नुसत्या नाव-पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमला घेणं थांबवलं. आधी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायची, मग ‘अ‍ॅप पासवर्ड’ मागायचा. सोळा अक्षरं, चार-चारच्या गटांत. ती त्या फाईलमध्ये लिहायची, ‘पोस्टमॅप’ या आज्ञेने तिचं जलद वाचता येणारं रूप करायचं आणि दोन्ही फाईल रूटखेरीज कुणालाही दिसणार नाहीत अशा ठेवायच्या.

इथे भाचीने मामांना अडवलं. “तुझं खातं नाही वापरायचं. मशीनसाठी वेगळं काढ.”

“का? मीच तर आहे दोन्हीकडे.”

“ही सोळा अक्षरं कुणाच्या हाती लागली तर तो फक्त मेल पाठवणार नाही, मामा. तुझी सगळी पेटी वाचेल. त्यात बँक आहे, पेन्शन आहे.”

या विषयावर जे सांगितलं जातं त्यात ही गोष्ट मला क्वचित ऐकू येते, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. अ‍ॅप पासवर्ड फाईलमध्ये सरळ वाचता येईल असा पडून असतो. दुसरा इलाज नाही, कारण रात्री तीन वाजता मशीनला तो स्वतः द्यायचा असतो. चोरी होईल असं धरूनच चालावं आणि चोराच्या हाती रिकामं खातं लागावं.

पहिलं पत्र तरीही गेलं नाही. लॉगमध्ये ओळ आली की ओळख पटवण्याची कोणतीही पद्धत उपलब्ध नाही. वाचताना वाटतं जीमेलने नाकारलं; खरं तर डेबियन या लिनक्सवर ओळख पटवणारी एसएएसएलची मोड्युलं वेगळ्या पॅकेजमध्ये असतात आणि ती बसवायची राहिलेली असतात. ती आली आणि रांगेतलं पत्र सुटलं. मग ‘एलियासेस’ फाईलमध्ये रूटच्या नावापुढे मामांचा खरा पत्ता. आणि शेवटी डिस्कवर नजर ठेवणाऱ्या ‘एमडीअ‍ॅडम’ला चाचणीचं पत्र लिहायला लावलं. तशी सोय त्यात आहे, आणि ती न वापरता उठणं म्हणजे सगळी मेहनत नशिबावर सोडणं. मामांचा फोन वाजला. मामींनी विचारलं, “कुणाचं?” मामा म्हणाले, “डब्याचं.”

सिग्नलच्या माणसाने मग स्वतःच पुढचा प्रश्न काढला. मेल आली नाही, तर सगळं ठीक आहे असं समजायचं, की मेल पाठवणंच बंद पडलंय असं? रेल्वेत दिवा विझलेला सिग्नल धोक्याचाच मानतात. ठरल्या वेळी कामं करवणाऱ्या क्रॉनमध्ये त्यांनी एक ओळ टाकली. दर सोमवारी सकाळी मशीन ‘मी आहे’ एवढं कळवतं. पुढे फसवणुकीच्या बातम्या वाचून त्यांनी मशीनच्या खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला. गूगल तसं केल्यावर जुने अ‍ॅप पासवर्ड रद्द करतं. सोमवार कोरडा गेला, आणि दुपारपर्यंत नवी सोळा अक्षरं फाईलमध्ये होती.

एका घराचं एवढ्यावर भागतं. बोरिवली पश्चिमेच्या एका सोसायटीचं भागलं नाही. तिथले सेक्रेटरी बँकेतून निवृत्त, मेंटेनन्सची बिलं घरच्या उबुंटू लिनक्सवरून काढतात. दोनशेहून जास्त फ्लॅट, बहुतेकांनी नवराबायको दोघांचे पत्ते दिलेले. वैयक्तिक जीमेलची मर्यादा दिवसाला ५०० मेलची. बिलं गेली, त्याच दिवशी एका विंगची रक्कम चुकली म्हणून सुधारित बिलं निघाली आणि खातं दिवसभरासाठी थांबलं. मग त्यांनी सोसायटीच्या नावाचं डोमेन घेतलं आणि मेल पाठवण्याचाच धंदा करणाऱ्या एका कंपनीची रिले. आता बिलं जाऊ लागली, पण पुष्कळशी स्पॅममध्ये. ज्यांना बिल भरायचं नव्हतं त्यांना आयतं कारण मिळालं. “भाऊ, बिल आलंच नाही, मग व्याज कसलं लावता?”

कारण एवढंच की रिलेने सेक्रेटरींना ओळखलं होतं, पण जीमेलला हे ठाऊक नव्हतं की सोसायटीच्या नावाने पत्र पाठवायचा हक्क त्या रिलेला आहे. ते डोमेनच्या नोंदींत जाहीर करावं लागतं. एसपीएफच्या एका ओळीत कोणत्या यंत्रांना परवानगी आहे ते लिहायचं. डीकेआयएमने प्रत्येक पत्रावर सही होते आणि ती तपासायची किल्ली नोंदींत ठेवायची. डीमार्कने सांगायचं की यात न बसणाऱ्या पत्राचं काय करावं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू प्रत्येक पाठवणाऱ्याकडून यातलं काही ना काही मागतात, आणि घाऊक पाठवणाऱ्यांकडून (जीमेलच्या हिशेबाने दिवसाला पाच हजारांवर) सगळंच. सेक्रेटरींनी एका संध्याकाळी ते केलं. थकबाकीदारांना आता दुसरं कारण शोधावं लागतं.

चाळीस वर्षांनी हे चित्र पुन्हा तसंच झालंय. लहान मशीन पत्र लिहितं आणि मोठ्याच्या हवाली करतं. मधली काही वर्षं घरचं मशीन स्वतः जगाशी बोलू शकत होतं. तो काळ फार लहान होता. फरक आहे तो जामीन राहणाऱ्यात. जुहूला फोन लावून बोलता येणारा माणूस होता. आज जो जामीन राहतो त्याला तुमचं तोंड ठाऊक नाही, आणि त्याने हात काढून घेतला तर दाद मागायला खिडकी नाही. सोय म्हणून रिले घ्यावी, मीही तेच सांगेन; पण ही अडचण सोयीच्या बोलण्यात झाकली जाऊ नये.

घाटकोपरच्या एका प्रोग्रॅमरला ती सहन झाली नाही. त्याने नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये यंत्र भाड्याने घेतलं: कायमचा पत्ता, उलट बाजूने चौकशी केली तर मिळणारं धड नाव, अर्ज करून उघडून घेतलेलं पोर्ट २५, आणि वरच्या तिन्ही नोंदी. घरचं मशीन ५८७ वर या यंत्राला पासवर्ड देतं आणि हे यंत्र स्वतःच्या नावावर जगाकडे जातं. पहिले काही महिने त्याने मुद्दाम थोडीच मेल पाठवली, कारण नव्या पत्त्यावर कुणी चटकन विश्वास ठेवत नाही. काळ्या याद्यांत आपलं नाव नाही ना, हे तो आजही बघत असतो. वेळ आणि भाडं धरलं तर आतबट्ट्याचा व्यवहार. तोही ते मान्य करतो.

आता त्याच्या यंत्रावर इतरांचीही खाती आहेत. कॉलेजातले मित्र, एक शाळामास्तर, धाकटी बहीण. प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड आणि दिवसाची मर्यादा, म्हणजे एखाद्याचा पासवर्ड फुटला तर तेवढंच खातं बंद करता येतं. खातं देण्याआधी तो फोन करून विचारतो: काय पाठवणार, कुणाला, किती. दिवाळीपूर्वी त्याच्या साडूने खातं मागितलं. साड्यांचं दुकान, सेलची जाहिरात, कुठूनशी मिळालेली हजारो पत्त्यांची यादी. त्याने नाही म्हटलं. बायकोने समजावलं, सासूबाईंचा फोन आला, तरी नाही. साडू फराळाला आले नाहीत.